वासंती हसतमुख नव्हती

वासंती गेल्याचं मला ऑफिसच्या फोनवर कळलं. नागपूरहून सुधाकरभाऊंचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, फोन होता. लाइन इतकी खराब की आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू यायचा. ते काहीतरी बोलले आणि मी नुसतीच "काय? काय म्हणालात?" असं ओरडत राहिले. मग त्यांनी परक्याला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "शैलाताई, वासंती आज पहाटे गेली." मूत्रपिंडाचं दुखणं होतं, हे मला माहीत होतं. पण शेवटच्या पत्रात तिने हॉस्पिटलच्या खिचडीला, तिथल्या चादरींना आणि राउंडला येणाऱ्या डॉक्टरच्या सेंटला मनसोक्त नावं ठेवली होती, त्यामुळे ती सुधारते आहे असंच मी धरून चालले होते. तिला किळस येत होती, म्हणजे ती शाबूत होती…

इकडे बहारीनमध्ये आपल्या मंडळींनी एका शुक्रवारी तिच्यासाठी शोकसभा ठेवली. तिथून आल्यापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. पहिला वक्ता म्हणाला, वासंतीताई म्हणजे हसतमुख, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व. दुसराही हसतमुख म्हणाला. तिसऱ्याने 'सदैव' जोडलं. मग आमचे मॅनेजर उठले. त्यांचं नाव मी लिहीत नाही, वासंतीच्या नावाशेजारी ते छापून यावं अशी त्यांची लायकी नाही. त्यांनी फोटोपुढे मेणबत्ती लावली, रुमाल डोळ्यांना टेकवला आणि म्हणाले, "वासंती कुठल्या समाजातून आली होती ते आपण सगळे जाणतो, पण काय हुशारी! आमच्याकडे आम्ही कधी भेदभाव केला नाही. मुलीसारखी होती ती मला." पुढच्या रांगेत तिच्याबरोबर दरवर्षी बाबासाहेबांची जयंती करणारी माणसं बसली होती. त्यांनी माना खाली घातल्या. मला मात्र त्या 'पण'नंतर तिथे बसवेना. मी उठले आणि बाहेर पडले. बाहेर टेबलावर सामोसे मांडायला सुरुवात झाली होती.

म्हणून हे लिहिते आहे. वासंती हसतमुख नव्हती. 'शी!' हा तिचा सगळ्यात आवडता शब्द होता आणि तो ती फार नेमका वापरायची.

आमची कंपनी शीतगृहांसाठी कंट्रोलचे बॉक्स बनवते. मटण, कोंबड्या, मासळी ठेवायच्या मोठ्या गोठणखोल्या असतात, त्यांचं तापमान हा बॉक्स सांभाळतो. आत एक छोटासा कॉम्प्युटर, बाहेर थोडी बटणं आणि आकडे दाखवणारी पट्टी. मी साताऱ्याची, इंग्रजीतली बी. ए., टायपिंग बरं येतं म्हणून या बॉक्सची माहितीपुस्तकं लिहायला लागले आणि तेच काम होऊन बसलं. वासंती प्रोग्रॅमर म्हणून आली. तिच्या आधीचा इंजिनियर कॅनडाला निघून गेला होता. पहिल्याच दिवशी दुपारी डबा उघडायच्या आधी तिने माझं माहितीपुस्तक उघडलं आणि म्हणाली, "शी! 'बॉक्स चालू करताच प्रोग्रॅम सुरू होतो'… हे कोणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

"काहून?"

"मग काय होतं?"

"त्याच्या आधी बरंच काही होतं. सांगीन कधी. आता जेवू दे बाप्पा, भूक लागली." आणि स्वतःच्या डब्यातली वांग्याची भाजी तिने अर्धी माझ्या झाकणावर वाढली. झणझणीत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर म्हणे, "साताऱ्याचे ना तुम्ही? नुसतं नाव."

आम्ही दोघी राहायचो माहूज भागातच, पुढच्या-मागच्या इमारतीत, त्यामुळे जाणं-येणं एकत्र व्हायला लागलं. तिला कशाकशाची किळस यायची? डब्यातलं दूध घालून पाक केलेल्या चहाची. खांद्यावर हात ठेवून बोलणाऱ्या साहेबाची. 'ॲडजस्ट करा' या शब्दाची. दोन माणसांत एकाला 'सर' आणि दुसऱ्याला 'ए' म्हणणाऱ्या तिसऱ्याची. ती आली त्या संक्रांतीला आमच्या इमारतीतल्या एका बाईंकडे हळदीकुंकू होतं. मी तिला बरोबर नेलं. बाईंनी तिळगूळ हातावर ठेवता ठेवता गोड आवाजात विचारलं, "रामटेके म्हणजे… कोण तुम्ही?" वासंती म्हणाली, "बौद्ध. बाबासाहेबांचे. आणखी काही विचारायचं असेल तर विचारून टाका, म्हणजे तिळगूळ निवांत खाता येईल." बाईंचा हात तिथल्या तिथे राहिला. वासंतीने तो तिळगूळ खाल्ला, चांगला झालाय म्हणाली, आणि खाली उतरल्यावर जिन्याशी एकदाच थुंकली. पुन्हा त्या घरी आम्ही दोघीही गेलो नाही.

तिची खरी किळस मला दिसली ती पुढच्या ऑगस्टमध्ये. बहारीनचा ऑगस्ट ज्याने काढलाय त्याला सांगायला नको. हवा अंगाला ओल्या फडक्यासारखी चिकटते. अशात एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, मीना सलमान बंदराच्या बाजूला वीज गेली आणि बऱ्याच तासांनी आली. तिथल्या एका मोठ्या शीतगृहात आमचा बॉक्स होता. गुरुवारी दुपारी दार लावून गेलेला तिथला राखणदार शनिवारी सकाळी आला आणि त्याने दार उघडलं तर आतून गरम हवा अंगावर आली. खोली गोठलेली नव्हती, ती तापली होती. आतलं सगळं मांस नासलं होतं.

अशा खोल्यांत आतल्या यंत्रावर बर्फाचा थर साचतो. तो वितळवायला बॉक्स मधूनमधून थोडा वेळ हीटर लावतो, त्याला डीफ्रॉस्ट म्हणतात. हे डीफ्रॉस्ट बटण दाबूनही सुरू करता येतं. शनिवारी बॉक्सवर डीफ्रॉस्टचा दिवा लागलेला होता आणि हीटर धडाडून चालू होते. त्यामुळे मालकाने आमच्या मॅनेजरला फोन केला तेव्हा मॅनेजरने जागच्या जागी निकाल दिला. बॉक्स उत्तम आहे, तुमच्या माणसाने जाताना बटण दाबलं असणार. मालकाने त्या माणसाचा व्हिसा रद्द करायला घातला आणि जायच्या आधी खोली साफ करून जा म्हणून सांगितलं. आम्हा दोघींना तिकडे पाठवलं ते फक्त 'बॉक्समध्ये दोष नाही' असं लिहून आणायला. मी कशाला, तर माझ्या सूचनांचा कागद भिंतीवर लावलेला आहे ना ते बघायला.

तो वास मी लिहू शकत नाही. टॅक्सीचं दार उघडलं आणि घशात बोट घातल्यासारखं झालं. आत एक माणूस नाकाला लुंगीचा तुकडा बांधून फावड्याने पोती भरत होता. मालवणकडचा होता, शांताराम परब, पन्नाशीचा असेल. आम्ही मराठी बोलतोय हे ऐकून तो फावडं टाकून जवळ आला आणि मग आपल्याच अंगाचा वास लक्षात येऊन दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "ताई, मी बटनाक हात लावूक नाय. देवाशपथ." वासंती भिंतीमागे गेली, ओकली, नळावर तोंड धुतलं, ओढणी नाकावर घट्ट बांधली आणि आत शिरली. बॉक्स तिने स्वतः काढला. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ऑफिसला आणला. मॅनेजर तिला दारातच म्हणाले, "अहो, हे घाणेरडं इथे कशाला? आपला दुसरा बॉक्स तपासा ना. सगळे सारखेच."

"मला हाच बघायचाय," ती म्हणाली.

डेटॉलने पुसला तरी त्याचा वास जाईना. तिच्या टेबलाच्या आसपास कोणी फिरकेना. ती तिथेच बसून प्रोग्रॅमचे कागद वाचत होती. बॉक्स बंद करायची, चालू करायची. चांगला चालायचा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. काही म्हणता काही बिघाड नाही. मी मनात म्हटलं, परबानेच दाबलं असेल बटण, माणूस आहे. दुसऱ्या दिवशी तिने बॉक्स तसाच बंद ठेवला आणि आम्ही जेवायला गेलो. परत येऊन तिने बटण दाबलं, पट्टीवर आकडे झळकले, डीफ्रॉस्टचा दिवा लागला आणि आत हीटर लावणारी कळ 'टक्' अशी वाजली. बटणाला कोणी हात लावला नव्हता.

वासंती खुर्चीत मागे टेकली. "शी," ती अगदी हळू म्हणाली.

त्या दुपारी तिने मला माझ्या माहितीपुस्तकातल्या त्या वाक्यात काय खोट होती ते सांगितलं. सी नावाच्या भाषेत प्रोग्रॅम लिहितात तेव्हा 'मेन' नावाच्या भागापासून लिहायला सुरुवात करतात. कॉलेजात शिकवतात की प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो. "पण त्या चिपला काय माहीत मेन कोण?" ती म्हणाली. "वीज आली की ती एका ठरलेल्या जागी जाते आणि तिथे जे असेल ते करायला लागते. तिथे आपलं काही नसतं. सीच्या लायब्ररीसोबत एक लहानशी फाइल येते, तिचं काम असतं तिथे. ती आधी जागा लावून घेते, कुठे काय ठेवायचं ते. ज्या आकड्यांना सुरुवातीची किंमत दिली असेल ती जागच्या जागी नेऊन ठेवते. ज्यांना काहीच दिलं नसेल त्या सगळ्यांच्या जागी शून्य भरते. सगळं पुसून घेते. मग म्हणते, ये बाबा मेन, ये आता. लिहिणारा बिनधास्त असतो, की मी काही दिलं नाही म्हणजे तिथे शून्यच आहे. भाषेनेच तसा शब्द दिलाय. पण तो शब्द पाळायचं काम त्या फाइलचं. आणि ती फाइल कोणी उघडून बघत नाही."

तिने ती उघडली होती. पुसून घेणाऱ्या ओळी होत्या, पण बाजूला काढून ठेवलेल्या, चालत नसलेल्या. कॅनडाला गेलेल्या इंजिनियरने वर दोन शब्द लिहिले होते. "नॉट नीडेड म्हणे!" वासंतीने ते मोठ्याने वाचलं. "गरज नाही! हिच्यावर सगळं उभं आहे, आणि गरज नाही!" डीफ्रॉस्ट चालू आहे की नाही आणि किती वेळ चालायचंय, हे दोन्ही आकडे शून्य आहेत असं प्रोग्रॅम धरून चालत होता. वीज जराशी गेली तर मेमरीत जुनंच राहतं, म्हणून ऑफिसात बंद-चालू करून कधी काही कळलं नाही. बराच वेळ गेली की तिथे वाटेल तो कचरा येतो. शुक्रवारी त्या कचऱ्यालाच बॉक्सने हुकूम मानलं होतं.

त्या ओळी का काढल्या ते मात्र मला माहीत होतं. वासंती यायच्या आधी आम्ही एका प्रदर्शनात बॉक्स मांडला होता, मी पत्रकं वाटत होते. बटण दाबल्यावर पट्टी काही क्षण कोरी राहायची, कारण त्या फाइलमध्ये आमच्या लोकांनी मेमरी तपासायचंही काम घातलं होतं. एक बडं गिऱ्हाईक कोऱ्या पट्टीकडे बघून पुढे निघून गेलं. मॅनेजरांचा चेहरा पडला. सगळ्यांदेखत इंजिनियरला म्हणाले, "ऑन म्हणजे ऑन. मला लगेच उजेड पाहिजे. मधलं जे काय करतोस ते काढून टाक." त्याने तपासणी काढली आणि तिच्यासोबत पुसणंही काढून टाकलं. पुढच्या पत्रकावर मीच छापलं होतं, 'क्षणात सुरू'.

हे मी वासंतीला सांगितलं तेव्हा ती उठून थेट मॅनेजरांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. तिने बॉक्स दाखवला, कागद दाखवले. ते हुशार माणूस आहेत, त्यांना लगेच कळलं. खुर्ची मागेपुढे करत म्हणाले, "उत्तम. चिप बदला. सगळ्या बॉक्सच्या हळूहळू बदलून टाका, गाजावाजा नको. खलास."

"आणि परब?"

"कोण परब?"

"ज्याला आपण घरी पाठवून राहिलो तो."

"तो त्यांचा माणूस आहे, आपला नाही."

"बॉक्सची चूक होती असं पत्र द्या. मी लिहिते, तुम्ही सही करा."

"वासंती," त्यांनी आवाज मऊ केला, "कंपनी बुडवायची आहे का? तुमचा व्हिसा पण हिच्यावरच आहे ना? आणि ही खेड्यातली माणसं… त्याला तसंही घरीच जायचं असेल हो. विचारा हवं तर."

ती बाहेर आली. हात धुवायला गेली आणि साबण लावून लावून धुवत राहिली. मी आरशात तिचा चेहरा बघत होते. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तू येते का माझ्यासोबत? नाही आली तरी चालेल. मी जाऊन राहिली."

आम्ही टॅक्सीने बाब अल बहरीनला, जुन्या बाजाराच्या वेशीपाशी, गेलो. पिशवीत तो बॉक्स. टॅक्सीवाल्याने एसी चालू असून सगळ्या काचा खाली केल्या आणि आरशातून आमच्याकडे असा बघत होता की मलाच माझी लाज वाटायला लागली. सोन्याच्या दुकानांमागच्या गल्लीत एका जुन्या जिन्यावर शीतगृहाच्या मालकांचं ऑफिस होतं. दाराबाहेर बाकावर परब बसला होता. खोली साफ करून झाली होती, पासपोर्ट घ्यायला आला होता. अंघोळ करून, केसांना तेल लावून आला होता तरी तो वास त्याला सोडत नव्हता. बाकावर त्याच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं. वासंती बसली.

मालक म्हातारे होते, इथल्या जुन्या अरब व्यापाऱ्यांसारखं साफ हिंदी बोलायचे. वासंतीने पिशवीतून बॉक्स काढला तेव्हा त्यांनी रुमाल नाकाला लावला. "ये क्या लाई हो, बिटिया?"

"आपका डिब्बा. इसको बिजली दे सकती हूँ?"

तिने प्लग लावला. मी दिव्यावरून नजर हलवली नाही, कारण हा कचरा रोज एकसारखा थोडाच असतो! पण दिवा लागला. टक्. म्हाताऱ्याने दिव्याकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. "बटन किसने दबाया?"

"किसी ने नहीं. उस दिन भी किसी ने नहीं दबाया." आणि मग तिने सांगितलं, मोडक्यातोडक्या, नागपुरी हिंदीत. मशीन जागं झालं की आधी आतलं जुनं पुसावं लागतं, मगच काम. पुसायच्या ओळी आमच्याच कंपनीने काढल्या.

"क्यों निकाली?"

"ताकि स्क्रीन जल्दी जले."

"सिर्फ़ जल्दी के लिए?" त्यांनी रुमाल खाली घेतला. मग म्हणाले, "मेरे वालिद दुकान खोलते थे तो पहले झाड़ू, फिर ग्राहक. तुम लोगों ने बिना झाड़ू दुकान खोल दी." फोन उचलून ते आमच्या मॅनेजरांशी अरबीमिश्रित इंग्रजीत जे बोलले त्यातलं मला फार कळलं नाही, पण 'ही मुलगी' आणि 'प्रत्येक बॉक्स' एवढं कळलं. मग परबाला आत बोलावलं. "यल्ला, चलो, कल से काम पर आ जाओ."

"और माफ़ी?" वासंती म्हणाली.

म्हातारा खरोखरच चकित झाला. "माफ़ी? नौकरी दे रहा हूँ ना, बिटिया."

तिचं तोंड पुन्हा कडू झालेलं मला दिसलं. ती काही बोलणार, तेवढ्यात परबच बोलला. मालकांशी नाही, तिच्याशी. "ताई, माका नको. माका घराक जावचा हा. त्या खोलयेत आता पाय ठेवूचो नाय मी. जेवूक बसलंय तरी तोच वास येता." त्याने हात जोडले, पासपोर्ट घेतला आणि जिना उतरून गेला.

खाली गल्लीत वासंती संतापली होती. परबावर, म्हाताऱ्यावर, सगळ्यांवर. मॅनेजर जे बेशरमपणे बोलले होते तेच खरं निघालं, याचा तिला सगळ्यात जास्त तिटकारा आला होता. "घरी जायचंच होतं याला! मग मी काय मूर्ख म्हणून ही घाण घेऊन फिरली?" मी म्हणाले, "अगं, दोषी ठरून जाणं वेगळं, स्वतः उठून जाणं वेगळं." ती ऐकत नव्हती. कापडाच्या दुकानांसमोरून आम्ही नुसत्या चालत राहिलो. बाबच्या कमानीशी आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "नाही शैला. मी त्याच्यासाठी केलंच नव्हतं. तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं, पण नव्हतं केलं. ते माझ्याने बघवत नव्हतं, एवढंच. कोणीतरी ओळी खोडून वर गरज नाही लिहितो आणि दुसराच माणूस फावडं घेऊन उभा राहतो… ते बघवत नव्हतं." मी इतकी वर्षं सभांमध्ये मोठमोठी भाषणं ऐकली आहेत. स्वतःच्या चांगुलपणाबद्दल इतकं खरं बोललेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मॅनेजर तिला काढू शकले नाहीत, कारण म्हाताऱ्याने बेटावरच्या इतर गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते मिठाईचा पुडा घेऊन आमच्या खोलीत आले. "वासंतीने कंपनीची इभ्रत राखली," म्हणाले. तिने पुड्याला हात लावला नाही. त्या हिवाळ्यात आम्ही बेटभर फिरलो. ती प्रत्येक बॉक्समधली चिप बदलायची आणि मी नवं माहितीपुस्तक द्यायची. त्यात मी लिहिलं होतं की बटण दाबल्यावर पट्टी काही क्षण कोरी राहील, तोवर थांबावं. एवढ्यात मॅनेजरांनी मला नवं पत्रक लिहायला सांगितलं. मथळा त्यांचाच, 'आता सुरक्षित स्टार्टसह, नवं मॉडेल'. मला इतका राग आला की मी कागद वासंतीच्या टेबलावर आपटला. "बघ हे! आपलीच घाण पुसली आणि ती विकायला काढली." तिने वाचलं आणि खांदे उडवले. "लिही. खोटं नाही ना त्यात. आधी नव्हतं, आता आहे." मग कागद परत देत, "पण त्यावर माझं नाव नको टाकू."

तिचं कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा ते पुढे वाढलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची तिला शिसारी आली. सुधाकरभाऊ इथल्या एका लॅबमध्ये होते, त्यांनीही नोकरी सोडली आणि मुलीला घेऊन तिघं नागपूरला परत गेले. तिथे ती कॉलेजात शिकवायला लागली. पत्रातून विद्यार्थ्यांच्या नावाने खडे फोडायची. कॉपी करतात, आणि तीही चुकीची करतात! पहिल्या तासाला फळ्यावर 'मेन' लिहून त्याच्यावर मोठी फुली मारते, असंही एकदा लिहिलं होतं. मग दुखणं आलं, मग डायलिसिस, मग हॉस्पिटलच्या त्या चादरी…

जलदान विधी झाल्यावर तिच्या मुलीचा, प्रज्ञाचा, मला फोन आला. चौदा-पंधरा वर्षांची पोर. इथल्या इंग्रजी शाळेत वाढलेली, मराठी कळतं पण बोलते इंग्रजीच. "आँटी," ती म्हणाली, "एव्हरीबडी कीप्स सेइंग शी वॉज सो स्वीट. शी वॉजन्ट स्वीट." मी म्हणाले, "नव्हतीच." मग तिने विचारलं, "डिड शी लाइक एनिथिंग?"

तेव्हा मी तिला अरादची गोष्ट सांगितली. शेवटचा बॉक्स मुहर्रकमध्ये होता. तो झाल्यावर दुपार कलली होती, म्हणून आम्ही अरादच्या किल्ल्यापाशी समुद्रावर गेलो. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं आणि मधे सगळा काळा चिखल, शेवाळ, मेलेले खेकडे. वास असा की मी पदर नाकाला लावला. वासंतीने चपला काढल्या, सलवार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि त्या चिखलात चालत गेली. पोटऱ्यांपर्यंत आत गेल्यावर वळली. "ये ना गं!" मी म्हणाले, "शी, किती वास येतोय." ती हसली. मोठ्याने हसली. "येऊ दे ना बाप्पा. समुद्राचा आहे. भरती येईल आणि घेऊन जाईल." आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच उभी राहिली, हात मागे बांधून, कशालाही नावं न ठेवता.

"चिखलात?" प्रज्ञाने मराठीत विचारलं.

"चिखलात," मी म्हणाले.

मग ती "ओके" म्हणाली, आणि पुन्हा एकदा "ओके".

गेल्या शुक्रवारी मी एकटी अरादला गेले. ओहोटीच होती. काठावर एक कुटुंब चटई टाकून बसलं होतं, त्यांच्या देखत मला जरा संकोच वाटला, पण मी चपला काढल्या आणि साडी उचलून आत पाय टाकला. वर एवढं ऊन असताना तो चिखल आत गार असतो… हे तिने मला सांगितलं नव्हतं.